गाडी खर्चात टाकली. कर किती वाचला?

दहा लाखांची एक पेट्रोल गाडी. वर्षाला १८,००० किलोमीटर धावते, त्यातले ११,०४० किलोमीटर कामासाठी. गाडी तीच, किलोमीटर तेच, रस्तेही नांदेड-लातूरचेच. मालक तेवढा बदलत जातो. वर्षाला ३० लाख मिळकतीच्या डॉक्टरांनी हा खर्च दाखवला, तर त्यांचा ७३,५०६ रुपये कर वाचतो. साडेपंधरा लाखांच्या आडत्याचा ३६,७५३. तेरा लाखांच्या वकिलांचा ७८,०००, म्हणजे डॉक्टरांपेक्षाही जास्त. अकरा लाखांच्या विमा एजंटाचा शून्य. आणि नांदेडहून रोज शाळेला जाणाऱ्या गुरुजींचाही शून्य, मग त्यांचा पगार कितीही असो.

पाचही माणसे हिशेबासाठी उभी केलेली आहेत. नियम खरे आहेत. ते ३१ मार्च २०२६ ला संपलेल्या आर्थिक वर्षाचे, नव्या करपद्धतीचे, आणि ४ टक्के उपकर धरलेले. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या आयकर कायद्याने घेतली, कलमांचे क्रमांक बदलले. पण २०२५-२६ चा हिशेब जुन्याच कायद्याने व्हायचा आहे. ‘गाडी खर्चात टाका, कर वाचेल’ हा सल्ला लातूरच्या औसा रोडवर आणि नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये फुकट मिळतो. सल्ला देणारा तुमची मिळकत विचारत नाही, किलोमीटर तर नाहीच नाही. आणि सगळे अवलंबून असते ते या दोन आकड्यांवर.

आधी डॉक्टरांचा हिशेब मांडू. लातुरात स्वतःचे रुग्णालय, आठवड्यातून एक दिवस उदगीरला ओपीडी, एक दिवस निलंग्याला. उदगीर जायला सुमारे ६५ किलोमीटर, निलंगा सुमारे ५०. सुट्ट्या, सणवार वगळून वर्षाचे ४८ आठवडे धरले, तर उदगीरचे ६,२४० आणि निलंग्याचे ४,८०० किलोमीटर होतात. बेरीज ११,०४०. उरलेले ६,९६० म्हणजे घर ते रुग्णालय, मुलांच्या शिकवण्या, तुळजापूर, लग्नकार्ये. घर ते रुग्णालय ही फेरी व्यवसायात धरावी की नाही यावर वाद घालता येतो. मी ती खासगीत टाकली आहे, कारण त्या वादाला लागणारी फी त्यातून वाचणाऱ्या करापेक्षा जास्त होईल. तेव्हा कामाचा वाटा ६१.३३ टक्के.

आता खर्च. लिटरला १६ किलोमीटर धरले तर वर्षाला १,१२५ लिटर पेट्रोल; १०५ रुपयांच्या भावाने १,१८,१२५ रुपये. (या भागात पेट्रोल कधीच स्वस्त नसते, शेजारची परभणी तर २०१८ मध्ये देशातल्या सर्वांत महाग पेट्रोलसाठी बातम्यांत होती.) सात लाखांच्या कर्जावर ९ टक्क्यांनी पहिल्या वर्षीचे व्याज सुमारे ५८,०००. विमा ३०,०००. सर्व्हिसिंग आणि टायर २५,०००. टोलसाठी फास्टॅगचा वार्षिक पास ३,०००. झाले २,३४,१२५. त्यात घसारा मिळवायचा. गाडी एप्रिल २०२५ मध्ये घेतली असे समजू. मोटारीला घसाऱ्याचा दर १५ टक्के, म्हणजे दहा लाखांवर दीड लाख. एकूण ३,८४,१२५. त्याचे ६१.३३ टक्के म्हणजे २,३५,५९७ रुपये. व्यवसायाच्या उत्पन्नातून वजा होणार ती एवढीच रक्कम. कलम ३७(१) खासगी खर्चाला दार बंद करते, आणि गाडी निव्वळ व्यवसायासाठी वापरली नसेल तर कलम ३८(२) प्रमाणे घसाराही वापराच्या प्रमाणातच मिळतो.

डॉक्टरांची करपात्र मिळकत २४ लाखांच्या वर, म्हणून दर ३० टक्के, उपकरासह ३१.२. तिथून आला ७३,५०६ हा आकडा. दिसायला मोठा आहे. पण त्याला एकूण खर्चाने भागून पाहा: रुपयामागे १९ पैसे. उरलेले ८१ पैसे डॉक्टरांच्याच खिशातून गेले. आडत्याच्या बाबतीत, म्हणजे १५ टक्क्यांच्या टप्प्यात, रुपयामागे साडेनऊ पैसे. ‘कर वाचवायला’ दहा लाखांऐवजी वीस लाखांची गाडी घेणारा माणूस पहिल्या वर्षाच्या घसाऱ्यात दीड लाख वाढवून घेतो आणि त्यावर, ६१ टक्के वापर धरून, सुमारे २८,७०० रुपये कर वाचवतो. त्यासाठी त्याने दहा लाख जास्त मोजलेले असतात. याला करनियोजन म्हणणारे सल्लागार मला भेटले आहेत. माझ्या लेखी ती हौस आहे. हौस जरूर करावी, पण तिला करनियोजन म्हणू नये.

वकिलांचे ७८,००० कुठून आले हे समजून घेण्यासारखे आहे. नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १० टक्के, १२ ते १६ वर १५ टक्के. तेरा लाखांवर कर होतो ७५,०००, उपकरासह ७८,०००. पण करपात्र उत्पन्न १२ लाख किंवा त्याहून कमी असेल तर कलम ८७अ ची ६०,००० पर्यंतची सूट लागते आणि कर शून्यावर येतो. आपले वकीलसाहेब भोकर, बिलोली, कंधारच्या न्यायालयांत जातात, अधूनमधून अडीचशे किलोमीटरहून लांब औरंगाबाद खंडपीठाची फेरी होते. गाडीचे २,३५,५९७ वजा होताच त्यांचे उत्पन्न १०,६४,४०३ वर आले आणि सगळा कर गेला. गंमत अशी, की त्यातले पहिले एक लाख रुपयेच कामाचे होते. पुढच्या १,३५,५९७ रुपयांनी एक पैसाही वाचवला नाही, कारण वाचवायला काही उरलेच नव्हते. त्यांना १८,००० पैकी ४,६८६ किलोमीटर कामाचे दाखवता आले असते तरी पुरले असते.

अकरा लाखांच्या एजंटाचा शून्य त्याच कलमातून येतो, फक्त उलट्या बाजूने. त्याला मुळातच कर नाही; वजावट कशातून करणार? विमा कंपनीने कमिशनवर २ टक्के उद्गम कर कापला असेल तर तो विवरणपत्र भरून परत मिळतो, गाडीचा त्याच्याशी संबंध नाही. बारा लाखांच्या आत असलेल्या माणसाने नव्या पद्धतीत गाडीखर्चाची बिले गोळा करण्यात दुपार घालवू नये. जुनी पद्धत निवडणाऱ्यांचे गणित वेगळे. तिथे ५ लाखांच्या वर २० आणि १० लाखांच्या वर ३० टक्के लागतात, म्हणून गाडीचा खर्च लवकर उपयोगी पडतो.

नांदेड-लातूरच्या कितीतरी डॉक्टर-वकिलांना मात्र वरचे गणित लागूच होत नाही, कारण ते कलम ४४अडअ खाली विवरणपत्र भरतात. म्हणजे जमेच्या निम्मे उत्पन्न मानायचे, वह्या ठेवायच्या नाहीत. मर्यादा ५० लाखांच्या जमेची. रोखीचा वाटा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांची. सोय चांगली आहे. पण हे निम्मे सोडले, की दवाखान्याचे भाडे, कंपाउंडरचा पगार, गाडीचे पेट्रोल आणि घसारा सगळे त्यातच मिळाले असे कायदा मानतो. वेगळी गाडी दाखवता येत नाही. उलट, गाडी व्यवसायाच्या मालमत्तेत दाखवलेली असेल तर न घेतलेला घसाराही घेतला असे समजून तिची पुस्तकी किंमत दरवर्षी उतरवली जाते.

आकड्यात पाहू. जमा ४० लाख, दवाखान्याचा खर्च १४ लाख, वर गाडीचे २.३६ लाख. खरा नफा २३.६४ लाख, ४४अडअ प्रमाणे २० लाख. इथे गाडीचा विचारही करू नये. दुसऱ्या दवाखान्याचा खर्च १९ लाख असेल तर गाडीसह नफा १८.६४ लाख होतो, मानीव उत्पन्नापेक्षा १,३५,५९७ रुपयांनी कमी. २० टक्क्यांच्या टप्प्यात, उपकरासह, वाचला २८,२०४ रुपये कर. पण निम्म्याहून कमी नफा दाखवायचा तर वह्याही हव्यात आणि लेखापरीक्षणही. सीएंची फी आणि वर्षभर हिशेब लिहिणाऱ्या मुलाचा पगार वजा केला तर हाती काय राहते, हे ज्याने त्याने पाहावे. खर्च निम्म्याच्या बराच वर असणाऱ्या, म्हणजे मोठी यंत्रसामग्री आणि मोठा कर्मचारीवर्ग असलेल्या रुग्णालयांनाच ही वाट परवडते.

आडत्याला अशी पळवाट नाही, आणि इथे त्याचा फायदा होतो. दुकानदारांसाठी ४४अड आहे, पण कमिशन, दलाली किंवा एजन्सीच्या उत्पन्नाला कायद्याने त्यातून वगळले आहे. लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीन-तुरीची आडत चालवणारा, घरोघर पॉलिसी विकणारा विमा एजंट, दोघेही कमिशनवाले. त्यांनी खर्चाचा हिशेब ठेवायचा आणि खऱ्या नफ्यावर कर भरायचा. म्हणून त्यांची गाडी, अगदी मोटारसायकलही, जिवंत वजावट आहे. खूप लहान एजंटांसाठी एक जुने परिपत्रकही आहे: विम्याचे एकूण कमिशन ६०,००० च्या आत असेल तर वह्यांशिवाय पहिल्या वर्षाच्या कमिशनच्या ५० टक्के आणि नूतनीकरणाच्या १५ टक्के खर्च मान्य, पण जास्तीत जास्त २०,०००. हे आकडे नव्वदीच्या दशकातले आहेत आणि तेव्हापासून हललेले नाहीत.

ज्याची गाडी शेतीच्या कामाची, त्याने हा लेख इथेच मिटवला तरी चालेल. शेतीचे उत्पन्न करमुक्त, तेव्हा बोलेरोचा खर्चही कराच्या हिशेबात कुठे बसत नाही. आणि पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने फिरवून ३० टक्के घसारा मागणाऱ्यांसाठी एवढेच, की तो दर गाड्या भाड्याने चालवण्याच्या धंद्यातल्या टॅक्सी, बस आणि मालट्रकसाठी आहे. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने चालवणे हा आधी मोटार वाहन कायद्याचा भंग आहे.

आता गुरुजी. नांदेडला घर, मुदखेडच्या बाजूला शाळा, जायला २४ किलोमीटर. वर्षाचे २३० दिवस ये-जा केली तर होतात बरोबर ११,०४० किलोमीटर, डॉक्टरांइतकेच. करबचत शून्य. पगारदाराला पगारातून काय वजा करता येते याची यादी कलम १६ मध्ये आहे आणि ती फार छोटी आहे. नव्या पद्धतीत ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते. व्यवसाय कराची वजावट फक्त जुन्या पद्धतीत. घरून कामावर जाण्याचा खर्च कुठेच नाही. तो एकेकाळी होता. वाहतूक भत्ता १ एप्रिल २०१५ पासून महिना १,६०० रुपयांपर्यंत करमुक्त होता, त्याआधी ८०० पर्यंत. २०१८ च्या अर्थसंकल्पात तो गेला. वर्षाचे ते १९,२०० आणि वैद्यकीय प्रतिपूर्तीचे १५,००० असे ३४,२०० काढून घेऊन सरकारने ४०,००० ची प्रमाणित वजावट दिली. वरकड फायदा ५,८०० रुपयांचा, आणि त्याच वर्षी उपकर ३ वरून ४ टक्के केला. वाहतूक भत्ता आजही पगारपत्रकात येतो, पण २०२५-२६ च्या नियमांत अंध, मूकबधिर किंवा अस्थिव्यंग असलेल्या कर्मचाऱ्यांना महिना ३,२०० पर्यंतची सूट सोडली तर तो पूर्ण करपात्र होता.

कामावर जाणे वेगळे आणि कामासाठी फिरणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला पगारदारांसाठीही दार उघडे आहे, आणि नव्या पद्धतीतही ते बंद झालेले नाही. कलम १०(१४) आणि नियम २बब प्रमाणे, कर्तव्य बजावताना फिरण्यासाठी दिलेला भत्ता प्रत्यक्ष खर्च होईल तेवढा करमुक्त असतो. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या बैठकीला लातूरचे प्राध्यापक स्वतःच्या गाडीने नांदेडला गेले आणि प्रवासखर्चाची रक्कम मिळाली, तर ती उत्पन्न नव्हे. बैठकीचे मानधन मात्र उत्पन्न आहे.

कामासाठी फिरण्याची सर्वांत रोजची उदाहरणे म्हणजे एमआर, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी. हेडक्वार्टर, एक्स-स्टेशन, आउटस्टेशन अशी त्यांची आठवड्याची विभागणी. ठरलेल्या भाडेतक्त्याप्रमाणे किलोमीटरचे पैसे. कंपनी जर डेली कॉल रिपोर्ट पाहून किलोमीटरप्रमाणे पैसे देत असेल तर ते करमुक्त राहायला अडचण नाही, कारण कुठल्या दिवशी कुठल्या गावात कुठल्या डॉक्टरांना भेटलो याचा कागद कंपनीकडेच असतो. पण पगारपत्रकात सरसकट १०,००० ‘कन्व्हेयन्स’ लावला आणि खर्च ७,००० झाला, तर उरलेले ३,००० दरमहा, म्हणजे वर्षाचे ३६,००० करपात्र. आणि कंपनी काहीच देत नसेल तर एमआरने स्वतः कितीही पेट्रोल जाळले तरी विवरणपत्रात त्याला रकाना नाही. म्हणून पगारदाराने गाडीबद्दल बोलायचे ते सीएंशी नव्हे, आपल्या एचआरशी, आणि तेही वर्ष सुरू होण्याआधी.

जिथे मालक कर्मचाऱ्याच्या गाडीचा खर्च भरतो आणि गाडी घरीही वापरली जाते, तिथे २०२५-२६ मध्ये १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिना १,८०० रुपये कामाचे धरत, मोठ्या इंजिनाला २,४००, आणि चालक असेल तर आणखी ९००. मालकाने महिना १५,००० दिले तर १३,२०० पगारात जमा. काम त्याहून जास्त होते हे नोंदवहीने दाखवता आले तरच आकडा वाढतो. १,८०० चा आकडा २००९ चा आहे. तेव्हा पेट्रोल पन्नाशीच्या आत होते. २०२५-२६ मध्ये त्या पैशात १७ लिटर येई.

पगारदारांना गाडीबद्दल अलीकडे एक थेट वजावट मिळाली होती: विजेवरच्या गाडीच्या कर्जावर दीड लाखापर्यंतचे व्याज, कलम ८०ईईब. कर्ज १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ दरम्यान मंजूर झालेले हवे, आणि करपद्धत जुनी हवी. नव्याने कुणाला ती मिळत नाही. तरीही ‘रिफंड काढून देतो’ म्हणणारे पगारदारांच्या विवरणपत्रात काहीबाही भरतात. अशाच बनावट वजावटींसाठी आयकर खात्याने जुलै २०२५ मध्ये देशभरात १५० ठिकाणी तपासणी केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांच्या खोट्या मागण्या स्वतःहून मागे घेतल्याचे खात्याने तेव्हा सांगितले.

डॉक्टरांकडे परत येऊ, कारण खरी मेख पुराव्यात आहे. प्रामाणिक नोंद ठेवणाऱ्याला ६१ टक्के मिळाले. शेजारच्या डॉक्टरांनी काहीच नोंद न ठेवता गाडीचा १०० टक्के खर्च टाकला. तपासणी झाली, अधिकाऱ्याने ‘खासगी वापरापोटी’ २० टक्के कापले. दहा, वीस, पंचवीस टक्के अशी अंदाजी कपात आदेशांत सर्रास दिसते. म्हणजे शेजाऱ्याला मिळाले ३,०७,३०० आणि प्रामाणिक माणसाला २,३५,५९७. फरक ७१,७०३ रुपयांचा, कराच्या रूपात २२,३७१. म्हणूनच ‘पूर्ण टाका, कापले तर वीस टक्के कापतील’ हा सल्ला टिकून आहे. तो निव्वळ मूर्खपणाचा आहे असे मी म्हणणार नाही.

पण त्याची दुसरी बाजू दंडाची आहे. शेजाऱ्याने १,४८,५२८ रुपये जादा टाकले. त्यावरचा कर ४६,३४१. उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड कराच्या ५० टक्के, २३,१७०. आणि चुकीचे दाखवले असे ठरले तर २०० टक्के, ९२,६८२, व्याज वेगळे. कलम २७०अ मध्ये ‘चुकीचे दाखवणे’ कशाला म्हणायचे याची यादी आहे, आणि कोणत्याही पुराव्याविना मागितलेला खर्च त्या यादीत स्पष्ट लिहिलेला आहे. त्याच कलमात प्रामाणिक माणसाचे संरक्षणही आहे: करदात्याने स्वतःहून काही भाग खासगी म्हणून कापला असेल, सगळी माहिती उघड केली असेल आणि अधिकाऱ्याने अंदाजाने आणखी कापले, तर त्या वाढीव कपातीवर दंड नाही. शंभर टक्के टाकणारा हे कवच स्वतःच काढून फेकतो.

पूर्वी अधिकारी गावातला असे. कुणाची गाडी कुठल्या रुग्णालयापुढे उभी असते हे त्याला दिसत असे, आणि कधी ते उपयोगी पडे, कधी अडचणीचे ठरे. आता तपासणी चेहराविरहित आहे. फाईल कुठल्या शहरात उघडली जाईल सांगता येत नाही, उदगीर लातूरपासून किती लांब हे तिथल्या माणसाला नकाशावरच कळणार. तिथे कागदच बोलतो. म्हणून नोंदवहीत तारीख, निघतानाचे आणि पोचल्यावरचे मीटर रीडिंग, गाव, काम एवढे हवे. आणि त्याला दुसऱ्या कागदाचा आधार हवा. डॉक्टरांना रुग्णांची रोजची नोंद नमुना ३सी मध्ये ठेवावीच लागते. उदगीरच्या दिवशी तिथे रुग्ण नोंदलेले असले की फेरी सिद्ध झाली. वकिलांच्या तारखा न्यायालयाच्या रोजनाम्यात असतात. आडत्याची वजनपावती. फास्टॅगच्या नोंदीत तारीख-वेळ असते आणि सर्व्हिसिंगच्या बिलावर मीटर रीडिंग छापलेले असते. हे दोन कागद तुमची बाजू मांडतात तसे उघडेही पाडतात. मार्चअखेरीला एका बैठकीत, एकाच पेनाने लिहिलेली वही सर्व्हिसिंगच्या बिलापाशी नेमकी फसते.

पैसे कसे दिले हेही पुराव्याइतकेच महत्त्वाचे. चालकाला महिना १२,००० पगार एकरकमी रोख दिला, तर एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० हून जास्त रोख म्हणून तो संपूर्ण नामंजूर होतो. वर्षाचे १,४४,०००, ६१.३३ टक्क्यांनी ८८,३२०. वरच्या टप्प्यात २७,५५६ रुपये कर वाया. यूपीआयने दिला असता तर काही प्रश्न नव्हता. गाडीच्या किमतीतले रोख दिलेले पैसेही, दिवसाला १०,००० च्या वरचे, घसाऱ्यासाठी किमतीत धरत नाहीत. जीएसटीची तर आशाच धरू नये: चालकासह १३ आसनांपर्यंतच्या प्रवासी गाडीवर बहुतेक व्यावसायिकांना इनपुट क्रेडिट मिळत नाही. दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता १ टक्का टीसीएस घेतो तो मात्र आपला कर म्हणून वळता होतो. पुष्कळ जण तो मागायचाच विसरतात.

तारखेचीही एक गोष्ट २०२५ मध्ये घडली. २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के आणि उपकरावरून १८ टक्क्यांवर आला आणि शोरूममध्ये रांगा लागल्या. घसाऱ्याचा नियम असा, की त्या वर्षी घेतलेली गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर दर निम्मा. ३१ मार्च २०२६ पासून मागे मोजले तर सीमा येते ३ ऑक्टोबर. दसरा होता २ ऑक्टोबरला. दसऱ्याला गाडी घेऊन लगेच कामाला लावली त्याला दीड लाखाचा घसारा. पाडव्यापर्यंत, २२ ऑक्टोबरपर्यंत, थांबला त्याला ७५,०००. डॉक्टरांच्या प्रमाणात हा फरक १४,३५२ रुपये कराचा. तो बुडत नाही, राहिलेला घसारा पुढच्या वर्षांत मिळत जातो.

विजेच्या गाडीला घसारा ४० टक्के. त्याच दहा लाखांवर डॉक्टरांना पहिल्या वर्षी ९२,००० ऐवजी २,४५,३३३ मिळतात. ४७,८४० रुपये कर जास्त वाचतो. उदगीर-निलंग्याच्या ठरावीक फेऱ्या असलेल्या माणसाला हा पर्याय आकड्यांत सरळ उजवा ठरतो. किनवट-माहूरकडे जाणाऱ्याने आधी चार्जिंगची सोय पाहावी.

घसारा घेताना विकायच्या दिवसाचाही विचार करावा. संपूर्ण व्यवसायात वापरलेल्या दहा लाखांच्या गाडीची पुस्तकी किंमत पाच वर्षांनी ४,४३,७०५ होते. ती साडेपाच लाखांना विकली आणि घसाऱ्याच्या त्याच गटात दुसरी मालमत्ता नसली, तर १,०६,२९५ रुपये अल्पकालीन भांडवली नफा, आपल्या टप्प्याच्या दराने करपात्र. जो ७० टक्केच घसारा घेत आला त्याची पुस्तकी किंमत ५,७४,२६९ असते, कारण प्रत्यक्ष मिळालेला घसाराच वजा होतो. त्याला तोच सौदा २४,२६९ रुपयांच्या तोट्याचा ठरतो. शंभर टक्के टाकणाऱ्याच्या हिशेबात हा दिवस सहसा धरलेला नसतो.

नोंदणी कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न नेहमी येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आयसीडीएस कंपनीच्या खटल्यात म्हटले, की आरसी बुकवरचे नाव मालकी ठरवायला पुरेसे नाही, पैसे कुणी घातले आणि हक्क कुणाचा हे पाहायचे. भागीदाराच्या नावावरची, पण फर्मने पैसे भरलेली आणि फर्मच्या वहीत असलेली गाडी या निकालाचा आधार घेते. पत्नीच्या नावावर, पत्नीच्या कर्जातून घेतलेली गाडी घेऊ शकत नाही.

आपल्याकडे नोंदवही, टक्केवारी, अंदाज हा घोळ आहे, कारण स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला किलोमीटरचा दर कायद्याने दिलेलाच नाही. ब्रिटनमध्ये कामाच्या पहिल्या १०,००० मैलांना मैलामागे ४५ पेन्स, पुढे २५. अमेरिकेत २०२५ साठी मैलामागे ७० सेंट, पण पगारदारांची सवलत तिथेही २०१८ पासून बंद. जर्मनीत तर घर ते कामाचे अंतरही मोजतात: २०२५ मध्ये पहिल्या २० किलोमीटरना ३० सेंट, पुढच्या प्रत्येकाला ३८. आपले २४ किलोमीटरचे गुरुजी तिथे असते तर २३० दिवसांचे १,७३० युरो उत्पन्नातून वजा झाले असते, १,२३० युरोंच्या सरसकट वजावटीऐवजी. गुरुजींना असे काही द्यावे की नाही हा सरकारच्या तिजोरीचा प्रश्न आहे. पण व्यावसायिकांसाठी किलोमीटरचा एक दर ठरवला तर वही तेवढी तपासावी लागेल, बिलांचे गठ्ठे आणि अंदाजी कपात दोन्ही जातील. नव्या कायद्यात हे करायची संधी होती. ती घेतली गेली नाही.

तोवर बारा लाखांच्या वर मिळकत, मानीव उत्पन्नाची वाट न धरलेली आणि कामाचे किलोमीटर निम्म्याच्या आसपास, अशा माणसाने १ एप्रिलचे मीटर रीडिंग मोबाईलवर टिपून वही सुरू करावी. बाकीच्या बहुतेकांनी पेट्रोलची बिले फेकून दिली तरी फारसे नुकसान नाही. वही ठेवणाऱ्या डॉक्टर-वकिलांसाठी नियम ६फ चा आणखी एक आकडा: वह्या संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यावर सहा वर्षे जपायच्या असतात. २०२५-२६ ची वही म्हणजे ३१ मार्च २०३३ पर्यंत.